पत्रिकेच्या कोपऱ्यातला चौकोन

वर्ध्याच्या रामनगरात बंडोपंतांना ओळखत नाही असा दूधवाला सापडणार नाही. दूध पातेल्यात ओतून घेतलं की ते बोटानं एक थेंब भिंतीवर सोडत आणि तो किती घाईनं खाली ओघळतो ते पाहत. गॅसचं सिलिंडर आलं की आणणाऱ्याला उन्हात उभं करून आधी सील तपासत. मेथीची जुडी घेतली तर ती सोडून आतली पानं बघत आणि पुन्हा स्वतःच बांधून ठेवत, म्हणजे भाजीवालीला बोलायला जागा नको. माणूस वाईट नव्हता. पण विश्वास नावाची वस्तू त्यांना कुणी तपासून दिली नव्हती, म्हणून त्यांनी ती घेतली नव्हती, इतकंच.

नोकरीही स्वभावाला शोभेल अशीच मिळाली होती. एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागाचे ते कारकून. पत्राच्या तळाशी ‘सहपत्र’ असा शब्द दिसला की टाचणी उचलून मागचा कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांचा शिक्का खाली येत नसे. सहपत्र जोडलेलं नसेल तर साहेबांच्या सहीचं पत्रसुद्धा परत. एकदा साहेब चिडून म्हणाले, ‘‘बंडोपंत, जोडलंय म्हणून लिहिलं आहे न मी?’’ हे म्हणाले, ‘‘लिहिलं आहे साहेब. जोडलं नाई.’’ कार्यालयात लोक त्यांना पाठीमागे काय म्हणत ते सोडा. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

एवढ्या जागत्या माणसाच्या घरात फसवणूक झाली ती थोरल्या मुलीच्या लग्नात.

इलाचं लग्न अठ्ठ्याण्णव साली झालं. बंडोपंतांनी मुलाकडच्यांची उलटतपासणीच घेतली होती. पगाराची पावती पाहिली, ती खरी. घर पाहिलं, तेही खरं. कॉलेजात जाऊन पदवीची चौकशी केली, तीही खरी. दाखवलं ते सगळं खरंच होतं. त्या माणसाचा अकोल्याला आधीचाच एक संसार होता, तो मात्र कुठल्या कागदावर नव्हता. पहिल्या दिवाळीच्या आत इला एक पेटी घेऊन परत आली. पुढं कोर्टात रीतसर सुटका झाली, तिला हिंगणघाटच्या एका शाळेत नोकरी लागली, ती तिकडेच खोली करून राहू लागली. सणाला यायची, दोन दिवस राहून जायची. बंडोपंत तिच्यावर कधी रागावले नाहीत. ते चारचौघांत तिचं नाव काढेनासे झाले. आपल्या हातून सुटलेला कागद माणूस जसा कपाटात तळाशी ठेवतो, तसं काहीतरी त्यांनी केलं होतं, आणि ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं असंही नाही.

दोन हजार नऊ साली धाकट्या प्रेरणाचं लग्न ठरलं. ती नागपूरला बँकेत होती, रोज गाडीनं जाऊन-येऊन करायची. मुलगा मिहिर, नागपूरचाच, पुण्याला एका कंपनीत मोबाईलसंबंधी काहीतरी काम करायचा. हे ‘काहीतरी’ बंडोपंतांना पहिल्यापासून खुपत होतं. माणसाचं काम एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, असं त्यांचं मत. मिहिरला त्यांनी तीनदा विचारलं. शेवटी तो म्हणाला, ‘‘काका, समजा एक कागद आहे. त्याच्यासमोर मोबाईल धरला की त्या कागदाचं पुढचं पान मोबाईलवर उघडतं. ते आम्ही बनवतो.’’

‘‘कागदाचं पुढचं पान कागदालेच टाचलेलं असते,’’ बंडोपंत म्हणाले. मिहिर हसला. बंडोपंत हसले नाहीत.

मुलाकडचे बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, थोरली कुठं असते? बंडोपंतांनी सांगितलं, ‘‘हिंगणघाटले शाळेत आहे. सुटी नाई भेटली.’’ दोन्ही वाक्यं खरी होती. पाहुण्यांनी पुढं काही विचारलं नाही आणि बंडोपंतांनी पुढं काही सांगितलं नाही. आत चहा गाळणाऱ्या प्रमोदिनीबाईंच्या हातातलं गाळणं थोडं थबकलं.

मग पत्रिकेचा मजकूर करायची वेळ आली. आजोबा-पणजोबांची नावं, निमंत्रक, विनीत, खाली लहान मुलांची किलबिल, सगळं बंडोपंतांनी वळणदार अक्षरात लिहून काढलं. इलाच्या नावापाशी पेन अडलं. सौ. लिहिता येत नव्हतं. कु. लिहिणं म्हणजे लबाडी. श्रीमती लिहावं तर लोक काहीतरी भलतंच समजतील आणि मंडपात विचारत बसतील. बराच वेळ त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि काढलं, आणि शेवटी ती ओळच गाळली. प्रेरणानं मजकूर वाचला. ‘‘ताईचं नाव राह्यलं,’’ ती म्हणाली. ‘‘जागा नाई,’’ बंडोपंत म्हणाले. ती त्यांच्याकडे पाहत राहिली, पण भांडली नाही. आपली मुलगी भांडली नाही याचं बंडोपंतांना तेव्हा नवल वाटायला हवं होतं.

आठ दिवसांनी ते सदाशिवरावांच्या छापखान्यात गेले. त्यांनी शब्दन् शब्द तपासला. सगळं बरोबर होतं. पण खाली उजव्या कोपऱ्यात, त्यांच्या स्वतःच्या नावाच्या शेजारी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन बसला होता. मुंग्या भरल्यासारखा.

‘‘हे काय आहे?’’

‘‘मले काय विचारता पंत,’’ सदाशिवराव म्हणाले. ‘‘प्रेरणानं मेलवर पाठवलं. खाली उजवीकडं लावा म्हणे, अन् लहान करू नका म्हणे.’’

‘‘पण म्हणते काय हे?’’

‘‘ते मोबाईलले समजते. मले अन् तुमाले नाई.’’

‘‘काढून टाका.’’

‘‘आता काय काढता? प्लेट बनून गेली. बाहेर पाहा, लग्नसराईची किती गर्दी आहे ते.’’

बंडोपंतांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथं. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून नाव कुणाचं? त्यांचं. लोक कुणाच्या शब्दावर येणार? त्यांच्या. आणि त्या नावाला चिकटून एक मजकूर जाणार, जो त्यांना वाचता येत नाही. जन्मभर न पाहिलेलं सहपत्र त्यांनी एकदाही जाऊ दिलं नव्हतं.

संध्याकाळी प्रेरणा स्टेशनवरून आली. तिनं चप्पल काढायच्या आत त्यांनी विचारलं.

‘‘नेटवरचं एक पान उघडते बाबा. हॉलचा नकाशा आहे. बस कुठून भेटते ते आहे.’’

‘‘अजून?’’

‘‘अजून थोडं.’’

‘‘थोडं म्हंजे?’’

‘‘येईल न समोर.’’

‘‘आत्ता दाखव.’’

‘‘माझ्या साध्या फोनवर नाई उघडत ते. मिहिर आला की दाखवते.’’ आणि ती हात-पाय धुवायला गेली. आठ प्रश्न विचारले तरी पोरीनं ताकास तूर लागू दिली नाही. आता मात्र बंडोपंतांची खात्री पटली की कुठंतरी पाणी मुरतंय, आणि ते पुण्याकडून मुरतंय. पोरगी भाबडी आहे. तो मोबाईलवाला तिला सांगतो आणि ती करते. त्यानं आत काय लिहून ठेवलं असेल? काही अटी? उद्या काही वाद झाला तर ‘तुमच्याच पत्रिकेत छापलं होतं’ असं म्हणायला मोकळा. पहिल्या वेळी कागदावर नसलेल्या गोष्टीनं घात केला होता. या वेळी गोष्ट कागदावर होती आणि तरी दिसत नव्हती, हे तर आणखी वाईट.

‘‘प्रमोदिनी, तो चौकोन वाचल्याबिगर एकही पत्रिका घराबाहेर जाणार नाई,’’ त्यांनी बायकोला बजावलं. ‘‘अन् त्याच्यात वावगं काही निघालं तर लग्नही नाई.’’

नवऱ्याच्या अशा शपथा प्रमोदिनीबाईंनी सिलिंडरच्या बाबतीत खूप ऐकल्या होत्या. पण या वेळचा आवाज वेगळा होता आणि त्यांना त्याची भीती वाटली.

पत्रिका घरी आल्या त्याच दिवशी शेजारच्या बायका जमल्या. चतुर्थीला पहिली पत्रिका केळझरच्या गणपतीपुढं ठेवायची होती, त्यामुळं हळदीकुंकू लावून सगळा गठ्ठा तयार करायचा होता. वाटीत हळद कालवली, दुसऱ्या वाटीत कुंकू. प्रत्येक पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना आधी हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचं. गप्पा, चिवडा, एखादं गाणं. दुपार सरेपर्यंत एकही पत्रिका कोरी उरली नाही. प्रमोदिनीबाईंनी तर धाकटीच्या लग्नाच्या हौसेनं बोटं अंमळ भरभरूनच उमटवली होती.

प्रेरणानं संध्याकाळी घरात पाऊल टाकलं, पंख्याखाली वाळत ठेवलेल्या पत्रिका पाहिल्या, एक उचलली आणि तिचा चेहरा पडला. ‘‘सगळ्यायले लावलं का?’’ तिनं विचारलं. ‘‘सगळ्यायले,’’ आई कौतुकानं म्हणाली. प्रेरणानं पत्रिका हळूच खाली ठेवली.

बंडोपंत वर्तमानपत्राआडून पाहत होते. पत्रिका पाहून नवरीचा चेहरा पडतो, याचा अर्थ काय घ्यायचा? पोरीला पश्चात्ताप होऊन राहिला आहे, असा त्यांनी तो घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एक पत्रिका पिशवीत घालून ते बजाज चौकात ओमप्रकाशच्या मोबाईलच्या दुकानात गेले. ओमप्रकाशचे आजोबा राजस्थानातून कापसाच्या व्यापाराला आले होते. नातू आता कव्हर, चार्जर आणि रिचार्ज विकत होता, आणि आपला स्वतःचा मोठ्या पडद्याचा फोन गिऱ्हाइकांना दाखवायची त्याला भारी हौस होती.

‘‘हा अपना फोन सब पढतो अंकलजी,’’ म्हणत त्यानं कॅमेरा चौकोनासमोर धरला. फोन गप्प. जवळ नेला, लांब नेला, पत्रिका दिव्याखाली धरली, दाराशी उन्हात नेली. फोन नुसता लुकलुकत राहिला.

‘‘काहीच पकडून नाई राह्यला,’’ ओमप्रकाश ओशाळून म्हणाला. ‘‘हो सकता है, कोड खोटा असन.’’

‘खोटा’ हा शब्द बंडोपंतांनी घट्ट धरला. दुकानाच्या पायरीवर उभं राहूनच त्यांनी कापडी पिशवीतून आपला फोन काढला आणि मिहिरला लावला. मिहिरनं सगळं ऐकून घेतलं. ‘‘चालायला पाहिजे काका. मी इथे दहा फोनवर पाहिलंय.’’

‘‘मग त्याच्यात काय आहे ते तोंडानं सांगा.’’

‘‘काका, ते प्रेरणाच सांगेल. तिला शब्द दिलाय मी.’’

‘‘म्हंजे लपवण्यासारखं आहे.’’

‘‘तुमच्यापासून लपवायचं नव्हतं. फक्त आधी सांगायचं नव्हतं.’’

बंडोपंतांनी फोन बंद केला. दहा वर्षांपूर्वी अकोल्याची बातमी समजली त्या दिवशी ते असेच एका दुकानाच्या पायरीवर उभे होते. तेव्हा लग्न होऊन गेलं होतं. या वेळी अजून झालेलं नव्हतं, एवढाच काय तो फरक. घरी जायचं, नागपूरला फोन करायचा आणि मोडून टाकायचं. बोलतील लोक. दोन्ही पोरींचं असंच, म्हणतील. म्हणोत.

ते पायरी उतरणार इतक्यात ओमप्रकाशनं हाक मारली. तो पत्रिका डोळ्याजवळ धरून बघत होता. ‘‘अंकलजी, हे कुंकू थोडं चौकोनावर आलं आहे. तीन कोन्यावर तीन डोळे राह्यतात याचे, त्यातला एक पूरा झाकला. गिल्या कपड्यानं पुसून पाहू का?’’

‘‘नाई,’’ बंडोपंत म्हणाले. इतक्या जोरात, की शेजारचं गिऱ्हाईक वळून पाहू लागलं. लग्नाच्या पत्रिकेवरचं कुंकू पुसायचं नसतं. आणि ज्या घरात एकदा लग्न मोडलेलं आहे त्या घरानं तर नाहीच. खोटं निघो की खरं, पण ते बोट प्रमोदिनीचं होतं. ‘‘थांबा. मी कोरी आणतो.’’

छापखान्यात सदाशिवरावांकडं चार-पाच जादाच्या पत्रिका पडून होत्या. त्यांतली एक घेऊन बंडोपंत उन्हातून परत आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. ओमप्रकाशनं फोन धरला. या वेळी तो पटकन किर्र झाला आणि पडद्यावर एक गोल चाक फिरू लागलं. नेट हळू होतं. आधी हॉलचा नकाशा आला, वरून खाली, पट्टीपट्टीनं. त्याखाली बसचे मार्ग. बंडोपंत चष्मा पुसून प्रत्येक अक्षर वाचत होते. मग एक फोटो उतरू लागला. आधी केस दिसले, मग कपाळ, मग दोन चेहरे. प्रेरणा आणि इला. गच्चीवर, खांद्याला खांदा लावून, दोघी कशाला तरी हसत होत्या. इलाला हसताना पाहून बंडोपंतांना किती वर्षं झाली होती, ते त्यांना आठवेना.

फोटोखाली एक बाण होता. ओमप्रकाशनं तो दाबला आणि दुकानात इलाचा आवाज आला. शाळेत मुलांशी बोलावं तसा स्पष्ट, सावकाश.

‘‘नमस्कार. मी इला. प्रेरणाची मोठी बहीण. आमच्याकडे लग्न आहे. मंडपाच्या दाराशी तुमच्यावर गुलाबपाणी शिंपडायला मी उभी राहणार आहे. मिहिरच्या आई म्हणाल्या, ते काम मोठ्या बहिणीचंच. नक्की या.’’

एवढंच. कुठं गाऱ्हाणं नाही, कुठं टोमणा नाही. मिहिरच्या आई म्हणाल्या. म्हणजे नागपूरला सगळं माहीत होतं. त्यांना सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं होतं, त्यांना चाललं होतं. ज्यांच्या घरात बंडोपंत काळंबेरं शोधत होते त्यांनी इलाला दाराशी उभं केलं होतं. आणि बंडोपंतांनी? ‘शाळेत आहे, सुटी नाही भेटली.’ दाखवलं ते सगळं खरं. अकोल्याच्या माणसानंही त्यांना अगदी असंच फसवलं होतं.

ओमप्रकाशनं फोटो मोठा केला, मग पत्रिकेवरून बोट फिरवलं. नावं वाचणं हा त्याचा दुकानदारी स्वभाव. ‘‘ही कोण अंकलजी? पत्रिकेत तर नाव नाई दिसून राह्यलं.’’

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्यांतले एक तर रामनगरातलेच, ओळखीचे. ‘‘माझी मोठी पोरगी,’’ बंडोपंत म्हणाले. मग कुणी न विचारता पुढं म्हणाले, ‘‘हिंगणघाटले राह्यते. एकटी राह्यते. तिच्या नवऱ्यानं आमाले फसवलं होतं.’’

‘‘आवाज चांगला आहे,’’ ओमप्रकाश म्हणाला, आणि समोरच्या माणसाला चार्जर दाखवू लागला.

त्या संध्याकाळी प्रेरणा घरी आली तेव्हा बंडोपंत बैठकीत सतरंजीवर बसले होते. एका बाजूला पत्रिकांचा गठ्ठा, दुसऱ्या बाजूला तसाच गठ्ठा, मध्ये शाईचं पेन. प्रमोदिनीबाई शेजारी बसून एकेक पत्रिका उघडून पुढं करत होत्या. त्यांचे डोळे लाल होते. प्रेरणानं वाकून पाहिलं. विनीतांच्या ओळीत, वडिलांच्या नावाखाली, त्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: इला.

ती तिथंच खाली बसली. ‘‘उघडलं का तुम्ही ते?’’

‘‘उघडलं. घरातल्या एकाही पत्रिकेवर उघडत नाई. तुझ्या आईनं सगळ्यायचे डोळे झाकून टाकले.’’ ते पुढच्या पत्रिकेवर वाकले. ‘‘मले काऊन नाई सांगितलं?’’

‘‘सांगितलं असतं तर तुम्ही छापू दिलं असतं का?’’

बंडोपंत पत्रिकेवर फुंकर घालत राहिले.

प्रेरणानं लिहून झालेली एक पत्रिका उचलली. खालच्या कोपऱ्यातला चौकोन कुंकवाखाली अर्धा लपला होता आणि वर बापाची शाई अजून ओली होती. ‘‘बाबा, ताईच्या नावाआधी काही लिहिलं नाई.’’

‘‘तिलेच विचारलं फोन करून. काय लिहू म्हटलं,’’ बंडोपंत म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘‘लय वेळ रडत होती. मग म्हणे, नुसतं इला लिहा.’’